अन्नपूर्णाबाईची दोरी

अन्नपूर्णाबाईचं आयुष्य सांगायचं तर दोरीपासून सुरुवात करावी लागते, कारण एकेचाळीस वर्षं तिच्या दोन्ही हातांत तीच होती.

जळगाव जामोदहून सातपुड्याकडे निघालं की घरांच्या टिनांवरून डोंगराची निळी कड दिसू लागते. तिथल्याच एका गावात, बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत तिचं घर. घरापुढे कडुनिंब, निंबाखाली चार खांबांवर उभं केलेलं छप्पर आणि छपराखाली नवऱ्याचा खराद. नवऱ्याचं नाव देवानंद वाकोडे, पण आसपासच्या गावांत त्याला सगळे खरादीच म्हणत. लाटणी, रव्या, पलंगाचे पाय, पाळण्याचे खांब, भोवरे, भजनी मंडळाच्या ढोलकीचं खोड, जे जे लाकडाचं आणि गोल ते त्याच्या हातचं. नाव त्याचं आणि दोरी तिची.

जुना खराद ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी असं चित्र डोळ्यांपुढे आणावं. जमिनीत रोवलेले दोन ठोकळे, त्यांना समोरासमोर दोन लोखंडी टोकं, आणि त्या टोकांमध्ये आडवं धरलेलं लाकूड. लाकडाला दोरीचे दोन वेढे. एका अंगाला खरादी पटाशी घेऊन बसतो. समोर ओढणारा बसतो, पाय ठोकळ्याला रेटून, दोरीचं एकेक टोक एकेका हातात धरून. त्यानं उजवा हात ओढला की लाकूड खरादीच्या अंगावर फिरतं, पटाशी लागते, भुसा उडतो. डावा हात ओढला की लाकूड उलटं फिरतं. तेव्हा पटाशी लावायची नसते. खरादी ती केसभर उचलतो आणि उजव्या हाताची वाट पाहतो. खर्र, सूं. खर्र, सूं. एका लाटण्याला असे हजारभर. पोवाड्यात शाहिरामागे झीलकरी उभा असतो, तसलंच हे काम. तो नसेल तर शाहिराला दम घ्यायला जागा नाही. फेटा मात्र शाहिराला बांधतात.

त्या उजव्या हातानं या माघात काम सोडलं. आधी वेणी घालताना हात डोक्यामागे जाईना. मग फळीवरचा डबा निघेना. शेवटी एका सकाळी भाकर थापता थापता हात परातीतच राहिला आणि ती नुसती त्याच्याकडे बघत बसली. शेजारची सिंधूताई तिला बसमध्ये घालून जळगाव जामोदला घेऊन गेली.

दवाखान्यातली डॉक्टर मुलगी नवी होती, बाहेरगावची. तिनं खांदा दाबला, हात वर करायला लावला आणि विचारलं, "आजी, काम काय करता?"

"दोरी वढतो."

"विहिरीची?"

"लाकडाची."

डॉक्टरनं सिंधूताईकडे पाहिलं. सिंधूताई म्हणाली, "खरं हाय बाई. हिचा नवरा बसल्या जागी लाकूड कोरते अन् हे त्याच्यापुढं दिवसभर दोरी वढते. चाळीस वर्स झाले. लगनातच बांधली तिले."

मुलीनं कागद पुढे ओढून चित्र काढलं, खांद्याचं. आतली गादी झिजली आहे, शीर फाटायच्या बेतात आहे, असं समजावलं. मग काहीतरी सुचावं तसं विचारलं, "घरात लहान मूल आहे?"

"येनार हाय. वैशाखात. पोरीले."

"मग त्याला उचलून घ्यायचं असेल तर हा हात आता ठेवून द्या. अजून ओढलात तर हा वर होणार नाही."

परतीच्या बसमध्ये अन्नपूर्णाबाई खिडकीशी बसली आणि उजवा हात मांडीवर ठेवून, दुसऱ्याची वस्तू सांभाळावी तसा, डाव्या हातानं धरून राहिली. तिला आयुष्यात फार थोडं मागावंसं वाटलं होतं. धम्मशीला तिची एकुलती एक, खामगावला शाळेत शिकवायची. लग्नाला नऊ वर्षं होऊन गेल्यावर आता तिला दिवस गेले होते. ते बाळ उजव्या हाताच्या कोपरात डोकं ठेवून झोपावं, एवढंच आता अन्नपूर्णाबाईला हवं होतं. बाकी तिला झोप हवी होती. नुसती, पुष्कळ झोप.

देवानंद वाईट माणूस होता असं कोणी समजू नये. ओढणं म्हणजे काय हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार. तो स्वतः कारभारी खरादीचा ओढणारा होता. कारभारीची मुलं सुरतेला निघून गेली आणि दोरीला माणूस उरला नाही, तेव्हा अठरा वर्षांचा देवानंद शेतमजुरी सोडून म्हाताऱ्यापुढे येऊन बसला. नऊ वर्षं ओढली. म्हातारा शिकवत काही नव्हता. "वढनाऱ्याले सगळं दिसते," एवढंच म्हणायचा. जाताना खराद आणि पटाश्या देवानंदला देऊन गेला. पाठोपाठ देवानंदचं लग्न झालं. लग्नाच्या चौथ्या दिवशी तो नव्या नवरीला म्हणाला, "जराशी समोर बस वं, येवढं लाटनं होऊ दे." ती बसली.

कारभारीनं खरादाबरोबर एक रीतही दिली होती. हिरवं पान असलेल्या झाडाला हात लावायचा नाही. वावधनानं, म्हणजे वादळानं, पडलेलं, आपसूक वाळलेलं, शेताच्या धुऱ्यावर छाटून टाकलेलं, मोडलेल्या घराच्या आढ्यातलं, असंच लाकूड घ्यायचं, तेही मालकाला विचारून. कापलेल्या तोंडांना शेण आणि राख लिंपायची, म्हणजे ते घाईनं वाळत नाही आणि फाटत नाही. सावलीत ठेवायचं. मनगटाएवढ्या जाडीला एक पूर्ण वर्ष. आणि त्या लाकडाचं पहिलं लाटणं ज्याचं झाड त्याच्या घरी नेऊन द्यायचं, विकायचं नाही. म्हणून या भागातल्या कितीतरी घरांत पोळ्या लाटताना बाया सांगतात, हे आमच्या विहिरीवरच्या बाभळीचं, हे आजेसासऱ्यांनी लावलेल्या चिंचेचं. लेकी लग्न होऊन वडनेर भोलजीला गेल्या, हिवरा आश्रमाकडे गेल्या, तर त्यांची झाडं लाटणी होऊन त्यांच्यामागे गेली.

झाडं शोधायचं काम अन्नपूर्णाबाईचं. मोठं वारं सुटून गेलं की दुसऱ्या दिवशी ती धुऱ्याधुऱ्यानं फिरायची आणि कुठं काय पडलं ते बघून यायची. लाकूड ती वासानं ओळखायची. त्याहून जास्त ओढीनं. बाभूळ दोरीला हट्ट करते. चिंच मधेच अडते. शिवण मऊ, हलकी, बोलल्यासारखी फिरते.

आणि घरात खाटेखाली शिवणच होती. तीन उन्हाळ्यांपूर्वी गुलाबरावांच्या धुऱ्यावरची म्हातारी शिवण वावधनात मुळासकट आडवी झाली. पहिलं लाटणं गुलाबरावांच्या बायकोला, पुष्पाबाईंना, पोचतं झालं. उरलेल्या लाकडाचे देवानंदनं हातभर लांबीचे बावीस दांडके पाडले. तिनं त्यांची तोंडं लिंपली आणि ते खाटेखाली सरकवले. हे कशासाठी, असं तिनं विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. धम्मशीलेला तेव्हा मूल नव्हतं. पण बावीस हातभर दांडक्यांचं दुसरं काय होणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

पाळण्याला सोळा गज लागतात. दोन्ही बाजूंना आठ-आठ, बोटाएवढे बारीक, मधे किंचित फुगीर, सगळे सारखे. पाळण्याची चौकट आणि खांब बाभळीचे केव्हाच तयार होते. राहिले होते गजच.

दवाखान्याची बातमी खामगावला पोचली तशी आठ दिवसांत एका टेम्पोतून मशीन आली. बंद पडलेल्या कुठल्याशा कारखान्यातला जुना विजेवरचा खराद, धम्मशीलेनं आणि जावयानं शोधून काढलेला. पाठोपाठ तिचा फोन.

"माय, आता दोरी खुंटीले टांग."

"टांगतो ना. तुह्या बापाले सांग."

"बाबाले दे फोन."

देवानंदनं फोन कानाला लावला, दोनदा "हाव" म्हटलं आणि परत दिला.

उभ्यानं काम करणं त्याला जमणार नव्हतं. पायांना बसायची सवय. म्हणून मशीन जमिनीलगत दोन दगडांवर बसवली. गल्लीतली चार माणसं बघायला आली. सिंधूताईनं मशीनला हळदी-कुंकवाऐवजी एक झेंडूचं फूल ठेवलं. देवानंदनं शिवणीचा पहिला दांडका लावला, बटण दाबलं, आणि लाकूड कोणी न ओढता फिरायला लागलं. एकाच बाजूला, न थांबता. अन्नपूर्णाबाई निंबाखाली खाटेवर बसून बघत होती. इतक्या वर्षांत तिनं खराद या बाजूनं कधी पाहिलाच नव्हता. तिला एकदम इतकं हलकं वाटलं की डोळे मिटायला लागले.

पाव तासात गज झाला. देवानंदनं तो उन्हात धरला आणि त्याचा चेहरा पडला. गजावर बारीक उंचवट्यांची कडी होती. एकसारख्या अंतरावर, कातड्यावर वळ उठावेत तशी, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"मशीन झटके मारते," तो म्हणाला.

दुसऱ्या गजालाही कडी. तिसऱ्याला पटाशी बदलली, तरी कडी. काचकागदानं घासून काढली तर गज शेजारच्या गजाच्या निम्मा झाला. चौथ्याच्या आधी त्यानं वायरमनला बोलावलं. वायरमननं मशीन फिरवली, हात लावून पाहिला, म्हणाला, "काका, मशीन लोन्यावानी फिरून राह्यली." चौथ्यालाही कडी आली. बावीसमधल्या एकाला भुंग्यानं भोक पाडलं होतं, तो आधीच बाजूला होता. आता सतरा उरले.

संध्याकाळी अन्नपूर्णाबाईनं ते चारही बिघडलेले गज मांडीवर घेतले. डोळे मिटून एकावरून बोट फिरवलं. सपाट, कडं. सपाट, कडं. तिचं बोट थांबलं. तिनं पुन्हा फिरवलं, आणि उजवा खांदा, दुखरा असूनही, त्या अंतरावर आपोआप किंचित हलला.

"मशीन नाई," ती म्हणाली. "तुमचा हात उचलते."

"कोनाचा?"

"तुमचा. मी डावा वढला की उचलता ना, तसाच. आता मी नाई समोर तरी उचलूनच राह्यले."

देवानंदनं स्वतःचा हात डोळ्यांपुढे धरला आणि बघत बसला.

रंगभूमीवर असं होतं. एका नाटकात एक नट वीस-वीस वर्षं एकाच नटीसमोर उभा राहतो. ती जाते, दुसरी येते. दुसरीचं वाक्य आखूड असतं. पण हा आपला तिच्या वाक्याएवढा थांबतो, तिच्याकडे बघतो, आणि मग बोलतो. प्रेक्षकांना वाटतं विसरला. तो विसरलेला नसतो. तो जागा सोडतो. देवानंद मशीनसमोर बसून तीच जागा सोडत होता, एका गजावर दीडशे वेळा.

दुसऱ्या दिवशी त्यानं मोडक्या लाकडांवर सराव केला. लक्ष ठेवून केलं की पटाशी भित्र्यासारखी कापायची आणि खरखरीत व्हायचं. लक्ष जरा सैल झालं की हात मोकळा व्हायचा, काम सुरेख चालायचं, आणि कडं उठायचं. चार दिवस हेच. पाचव्या दिवशी त्यानं मशीन बंद केली, जुन्या खरादापाशी जाऊन बसला आणि लोखंडी टोकांना तेल लावू लागला. मागितलं काहीच नाही. त्यानं मागितलं असतं तर तिला नाही म्हणता आलं असतं. तो नुसता, पाठ वाकवून, तेल लावत राहिला. अडुसष्ट वर्षांची ती पाठ. त्याच्या हातांना दुसरं काही येत नव्हतं.

अन्नपूर्णाबाई खाटेवरून उठली. खुंटीवरची दोरी काढली आणि समोर जाऊन बसली.

"डॉक्टरीन?" तो खाली बघूनच म्हणाला.

"लावा लाकूड."

पहिला गज झाला, गुळगुळीत. दुसरा झाला. खांद्यात आग पेटली होती, पण खर्र, सूं लागलं की तिला थांबता येत नसे. अंगानं शिकलेलं अंग सोडत नाही. तिसऱ्याच्या मध्यावर उजवा हात ओढता ओढता, हातच नसल्यासारखा, सुटला. दोरी सैल पडली, लाकूड अर्धवट फिरून थबकलं, पटाशी आत घुसली आणि गज मधोमध चिरला. ती तशीच बसून राहिली. हात मांडीशेजारी पडलेला होता. तिनं त्याला वर यायला सांगितलं. तो आला नाही.

देवानंद धडपडत उठला, तिचा हात दोन्ही हातांत घेतला. त्याच्या बोटांना तेल होतं.

त्या दिवसापासून तिची वेणी सिंधूताई घालू लागली. वेणी घालता घालता मोठ्यानं बोलायची, छपराखाली ऐकू जाईल अशा बेतानं. "बैल म्हातारा झाला तर त्याले कोनी नांगराले जुपत नाई, बाई. तुह्या घरी उलटंच. वाकोडे, आयकू येते का?"

"येते," छपराखालून देवानंद म्हणाला.

हात चार दिवसांनी कमरेपर्यंत आला, आठ दिवसांनी छातीपर्यंत. त्याच्यावर नाही. उरलेल्या गजांचा हिशोब सोपा होता: दोन झालेले, चौदा दांडके शिल्लक. सोळाच. आता एकही बिघडून चालणार नव्हतं.

गुलाबराव त्याच आठवड्यात आले. कोणाकडून तरी कळलं होतं. खाटेवर बसले, चहा घेतला.

"माह्या त्याच धुऱ्यावर दुसरी शिवन उभी हाय, देवानंद. उद्या पाडून देतो. पाहिजे तेवढे दांडके घे अन् बिघडव."

अन्नपूर्णाबाईनं देवानंदकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर मोह होता, आणि मोहापेक्षा जास्त थकवा होता. थकलेला माणूस कशालाही हो म्हणतो.

"हिरवी हाय ना?" ती म्हणाली.

"पान हाय वहिनी, पन झाड म्हातारं झालं. आज ना उद्या पडनारच."

"मंग पडू द्या. पडल्यावर येऊ."

"तेव्हा तुह्या नातीचं लगन होईल."

"त्या लगनात लाटनं देऊ मंग."

गुलाबराव हसले. देवानंद म्हणाला, "गुलाबभाऊ, तसंही ओलं लाकूड आज गोल, उद्या अंडं. वैशाखापर्यंत वाळत नाई थे." मग पुढे म्हणाला, "अन् कारभारीबुढ्याचं आयकत आलो इतके वर्स. आता हात थकला म्हनून झाडावर काऊन उठू."

जाताना गुलाबराव पटाश्यांजवळ थबकले. "पुष्पा रोज त्या लाटन्यानं पोया लाटते बे. अजून एक वळ नाई त्याच्यावर." त्यांना चांगलं बोलायचं होतं. देवानंदनं मान हलवली आणि कडी उठलेला गज पायाखाली सरकवला.

फाल्गुनाचं ऊन कडक व्हायला लागलं. देवानंद दुपारी बिघडलेले गज मशीनला लावून सराव करायचा, आणि अन्नपूर्णाबाई निंबाखाली खाटेवर पडून बघायची. बघण्याशिवाय तिला काम नव्हतं. समोर बसून ओढताना तिचं लक्ष नेहमी लाकडावर असे. आता बाजूनं नवरा सगळा दिसत होता. पायाच्या अंगठ्यापासून टकलापर्यंत. तिला काही दिवसांनी दिसलं की मनगट उचलायच्या आधी कोपर उचलतं. कोंबडा आरवायच्या आधी जरासे पंख सोडतो तसं कोपर बरगडीपासून सुटतं, आणि मग त्याच्यामागून मनगट, मनगटामागून पटाशी. मनगटाला त्याची खबरही नसते. तो मनगटाला धाक घालत बसला होता, आणि चोर वर बसला होता.

ती उठली. खुंटीवरून दोरी काढली. एकेचाळीस वर्षांत चौदा दोऱ्या झिजल्या होत्या. ही पंधरावी, तिनंच सुताची वळलेली, मधे तिच्या तळव्यांच्या घामानं काळी झालेली. दाराशी विळी होती. तिनं विळीचा पाट पायाखाली धरला, दोरी पात्यावर टेकवली, आणि डाव्या हातानं खाली दाबली. दोरी जाड होती. दोनदा-तीनदा दाबावं लागलं.

मशीन थांबली. "काय करून राह्यली?"

"कापून राह्यली."

"दोरी?"

"हाव."

तो उठायला लागला, मग बसला. तिनं हातभर तुकडा घेतला आणि त्याच्यामागे येऊन गुडघ्यांवर बसली. एक टोक त्याच्या उजव्या कोपराच्या वर, सदऱ्यावरून, बांधलं. एका हातानं गाठ बसेना, तेव्हा गाठीचा शेव दातांत धरून आवळली. दोरीचं दुसरं टोक त्याच्या बुडाखालच्या पाटाच्या खुंटीला, मागच्या बाजूला, मशीनपासून दूर. कोपर पुढेमागे जाईल, बाजूला सरकेल, पण वर उठणार नाही, इतकीच ढील ठेवली.

"बैल हाय का मी?"

"बैलाले दुपारी सोडतात. तुमाले मी संध्याकाळी सोडीन."

"खाजवू कसं?"

"डाव्या हातानं."

त्यानं बटण दाबलं. एक बिघडलेला गज फिरू लागला. पटाशी टेकली. काही क्षणांनी दोरीला हिसका बसला, खुंटी कुरकुरली. कोपर थांबलं. पुन्हा हिसका. पुन्हा. अन्नपूर्णाबाई मागे बसून ते हिसके मोजत होती, आणि त्यातला एकेक तिला ओळखीचा होता. तो तिचाच डावा हात होता, तिच्याशिवाय चाललेला. पाव तासानं मशीन थांबली. गजावर अजूनही कडी होती, पण बुटकी, बोटाला लागतील न लागतील अशी. दुसऱ्या दिवशी आणखी बुटकी. तिसऱ्या दिवशी दोरीचे हिसके विरळ झाले. नवव्या दिवशी तिनं गजावरून बोट फिरवलं, डोळे मिटून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि बोट कुठंच थांबलं नाही.

"आता चांगले लावा," ती म्हणाली.

चौदा दांडके तिनंच खाटेखालून काढून दिले. प्रत्येकाच्या तोंडावरचं तीन वर्षांचं वाळलेलं शेण डाव्या हातानं खरवडून. देवानंदनं पहिला मशीनला लावला आणि कोपर मागे केलं, बांधायला. गाठ तिच्याकडूनच बांधून घ्यायचा. सिंधूताईनं एकदा बांधून पाहिली होती, तर म्हणाला, ही ढिली आहे.

"आता तू जाय," तो म्हणाला. "झोप जराशी."

"कडं आलं तर?"

"आलं तर हाक मारतो."

ती खाटेवर जाऊन आडवी झाली. निंबाला नवी पालवी होती, सावली पातळ होती. मशीनचा आवाज एकसुरी, मधे जागा नसलेला. तिनं डोळे मिटले. एकेचाळीस वर्षांत दुपारी ती कधी झोपली नव्हती, आजारपणं आणि बाळंतपण सोडलं तर. झोप आली, जड, अंगावर गोधडी टाकावी तशी. पण पुरती लागेना. काहीतरी खाटेच्या काथ्यावर घासत होतं. सर्र. सर्र. तिनं डोळे उघडले.

उजवा हात होता. दोन विती पुढे जात होता आणि मागे येत होता, आपला आपण, मूठ अर्धी मिटून. पाठोपाठ डावा.

ती बघत राहिली. मशीन थांबली. देवानंदनं मान वळवून इकडे पाहिलं. त्याला उठता येत नव्हतं, कोपर बांधलेलं होतं. त्याच्या डाव्या हातात पांढराशुभ्र गज होता.

"झोपली नाई?"

"झोपून राह्यली."

त्यानं तिच्या हाताकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग गज चौकटीजवळ उभा करून ठेवला, आधीच्या दोघांशेजारी, आणि पुढचा दांडका घेतला.

अन्नपूर्णाबाई कुशीवर वळली. डाव्या हातानं तिनं उजवा हात मनगटाशी धरला, पोटाशी घेतला आणि कोपरात जागा करून, हलणार नाही असा, धरून ठेवला. अजून तेरा गज व्हायचे होते.